माल्विनाचा हातोडा

होनोराता दुजाक पंधरा वर्षांची होती, तेव्हा बापाच्या शेतातलं बीट ट्रॉलीत फेकताना तिला झेनोब्युश कालितांनी पाहिलं. गावच्या शाळेत खेळ शिकवणारा हा माणूस सायकलवरून उतरून बघतच राहिला. पोरगी जागची न हलता, नुसती कमरेतून वळून फेकत होती आणि एकही बीट ट्रॉलीबाहेर पडत नव्हतं.

"दमत नाहीस का गं?"

"दमायला वेळ कुठाय? अजून अर्धं शेत पडलंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या हातात हातोडा दिला. तारेच्या एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला लोखंडी गोळा. पहिली फेक फेकीच्या वर्तुळाभोवतीच्या जाळीत अडकली. दुसरी थेट फुटबॉलच्या मैदानात पडली आणि तिथला सामना थांबला.

पुढची एकोणीस वर्षं हातोडा घेऊन गिरक्या घेण्यात गेली. चार वेळा पोलंडची विजेती, एकदा युरोपची. मग मणक्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, "चाला, पोहा. गिरक्या मात्र विसरा." ती चालली, पोहली आणि दीड वर्षाने पुन्हा वर्तुळात उभी राहिली.

राष्ट्रीय स्पर्धा बिडगोश्चला होती. होनोराता निरोप घ्यायला आली आहे, असंच सगळे धरून चालले होते. त्यात सकाळच्या तपासणीत तिचा हातोडा बाद झाला. तार ताणून अर्धा सेंटीमीटर लांब झाली होती, आणि ती बदलेपर्यंत तपासणीची मुदत संपली.

कालितांचा चेहरा पडला. "होनोर्का, आता कसं गं?"

"मांडणीवर सहा हातोडे आहेत, कोच. तुम्ही सँडविच खा बघू."

तिने एकेक मूठ धरून पाहिली आणि निळ्या पट्टीचा हातोडा उचलला.

"ए, तो माझाय!" बावीस वर्षांची माल्विना धावत आली. त्या वर्षी तिच्याइतकं लांब कोणीच फेकलं नव्हतं.

"तपासून मांडणीवर ठेवला की सगळ्यांचा. नियम वाच."

"घ्या मग, आजीबाई! पाठ सांभाळा म्हणजे झालं."

"तू माझा आकडा सांभाळ."

माल्विनाला हसू आलं. जाता जाता ती वळली. "तार नवी आहे, जरा कडक. सुटताना डावीकडे ओढते."

तरी होनोराताची पहिली फेक डाव्या जाळीवरच आदळली. प्रेक्षकांतून हळहळ उमटली. तिने मात्र मान डोलावली. ओढ किती आहे, ते हातांना कळलं होतं. दुसरी फेक अडुसष्ट मीटर, चौथी एकाहत्तर. माल्विना त्र्याहत्तरवर निवांत बसली होती.

शेवटच्या फेकीआधी कालिता जाळीपाशी आले. "तीनच गिरक्या घे. पाठीला सोसेल. रौप्य तर पक्कं आहे."

"रौप्यासाठी एवढं पोहले का मी?"

तिने चारही गिरक्या घेतल्या. चौथीत टाच घट्ट रोवली, डावा खांदा क्षणभर उशिरा उघडला, आणि गोळा सरळ वर गेला. तो कुठे पडला ते तिने पाहिलंही नाही. तिने आरोळी ठोकली; एवढी मोठी तिने नवशिकी असतानाच कधी ठोकली असेल. फलकावर चौऱ्याहत्तर मीटर बारा सेंटीमीटर उमटले.

माल्विनाची एक फेक उरली होती. तिने तोच हातोडा घेतला, जीव तोडून फेकला. त्र्याहत्तर मीटर नव्वद.

ती तरातरा आली. होनोराताला वाटलं, आता ही भांडणार. माल्विनाने तिला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "खांदा उशिरा उघडलास ना? शिकव मला."

"सोमवारी ये. सकाळी सातला. उशीर केलास तर परत पाठवीन."

माल्विना पावणेसातला हजर झाली. पुढचं वर्षभर दोघींनी एकत्र सराव केला. पुढच्या उन्हाळ्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेत माल्विनाने तिला दीड मीटरने हरवलं. होनोराताने रौप्य गळ्यात घातलं, आणि शिकवलेलं पुरतं वसूल झालं म्हणून सगळ्यांत आधी तिनेच टाळ्या वाजवल्या.