मोसंबीवरचा मावा

बसवर तीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस. निवृत्त झाल्यावरही गल्लीत सगळे त्याला ड्रायव्हरच म्हणत. परसातल्या मोसंबीवर त्याचा भारी जीव. यंदा कोवळ्या फुटीवर माव्याची कीड आली, पानं गुंडाळली, चिकट झाली, त्यांच्यावर काजळीसारखी बुरशी धरली. ड्रायव्हरचं डोकंच फिरलं.

बायको शिवणकाम करायची. ती म्हणाली, "अहो, साबणाच्या पाण्यानं धुऊन बघा ना आधी."

"लाड करून किडी मरतात होय?" असं म्हणत तो बाजारातून औषध घेऊन आला. दुकानदारानं मोठ्या डब्यातलं औषध खोकल्याच्या जुन्या बाटलीत ओतून दिलं होतं. बादलीला एक झाकण पुरे, असंही सांगितलं होतं. ड्रायव्हरनं तीन टाकली.

तो स्टुलावर चढला. स्टूल डुगडुगत होतं, म्हणून बायकोनं खालून धरलं. मध्येच वारा फिरला आणि फवारा तिच्या केसांवर, मानेवर, ब्लाउजवर आला.

"मला लागलाय का मावा?" ती हसली.

"हलू नकोस, एवढी वरची फांदी राहिलीये."

ती हलली नाही. काम संपल्यावर हात तेवढे खंगाळले आणि ओल्या कपड्यांनीच मशीनवर बसली. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं.

दुपारी तिला मळमळायला लागलं. मग ओकारी, दरदरून घाम, तोंडातून लाळ. ड्रायव्हरनं तिचा चेहरा वर केला, तर डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या.

दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "औषधाचं नाव काय?"

ड्रायव्हर नुसतेच खिसे चाचपू लागला.

"अहो, नाव सांगा! डबा आणलाय का?"

"बाटलीत दिलं होतं. सुटं."

बाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि नर्सला म्हणाल्या, "कपडे काढा आधी हिचे. साबणानं धुवा. केससुद्धा." मग लक्षणांवरूनच त्यांनी इंजेक्शनं सुरू केली. ड्रायव्हर दाराबाहेर उभा राहिला. त्याच्या शर्टालाही तोच उग्र वास येत होता, पण शर्ट बदलायचं त्याला सुचलं नाही.

ती वाचली. घरीही आली. पण बोटांतला जोर गेला तो गेलाच. कात्री धरली की निसटे, दोरा सुईपाशी जाऊन थरथरे. "वेळ लागेल," एवढंच डॉक्टरीण बाई म्हणाल्या. किती, ते त्यांनी सांगितलं नाही.

झाडाखाली मेलेल्या माव्याबरोबर मावा खाणारे, काळ्या ठिपक्यांचे लाल किडेही पडले होते. पुढच्या फुटीवर मावा दुपटीनं आला. ड्रायव्हरनं तिकडे ढुंकून पाहिलं नाही.

तो अर्धवट शिवलेले कपडे पिशवीत घालून दारोदार परत देत फिरला. एका घरी गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, "वहिनी बऱ्या झाल्या की शिवतील ना? मी थांबते."

"नका थांबू," तो म्हणाला आणि पिशवीतून त्यांचं कापड शोधू लागला.