पुंजाजींची बोहनी

अमरावतीत लाइन, म्हणजे वीज, दिवसातून कितीदा जाते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पौर्णिमाला मात्र प्रत्येक वेळ भोगावी लागायची. लाइन गेली की वायफाय पडायचं, वायफाय पडलं की पुण्याच्या कंपनीशी जोडणारं व्हीपीएन तुटायचं, आणि मग सगळं पहिल्यापासून: नाव टाका, पासवर्ड टाका, मोबाइलवर आलेला आकडा टाका. तोवर कोणीतरी ग्राहक फोनवर खेकसत असायचा. घरी बसून काम म्हणजे आरामच की, असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना एकदा या खुर्चीत बसवावं, असं तिला फार वाटे.

शेवटी आयटीवाल्यांच्या हातापाया पडून तिने मोबाइलच्या आकड्यापासून सुटका करून घेतली, आणि दोन रविवार घालवून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आता लॅपटॉपचं झाकण उघडलं की व्हीपीएन आपोआप जोडलं जाई, तुटलं तर पुन्हा जोडलं जाई. कोपऱ्यात हिरवं कुलूप दिसे आणि 'टिंग' असा आवाज येई. स्क्रीनचा पासवर्डही तिने काढून टाकला. घरात होतं कोण? नवरा गोपाल उजाडायच्या आत डबा घेऊन अकोल्याची गाडी पकडायचा. राहिले सासरे, पुंजाजी. त्यांना साधा मोबाइल धड उचलता येत नव्हता.

सासूबाई गेल्यावर भातकुलीचं हार्डवेअरचं दुकान बंद करून ते इकडे राहायला आले होते. येताना एक ट्रंक आणि खिळ्यांनी गच्च भरलेला तेलाचा डबा तेवढा आणला. तो डबा माळ्यावर चढवताना गोपालची कंबर धरली. एवढे खिळे कशाला, हे कोणी विचारलं नाही.

गोपाल गेला की पौर्णिमा पुन्हा आडवी व्हायची. त्याच्या जेवणाच्या डब्यासाठी ती भल्या पहाटे उठलेली असायची, त्यामुळे ही उजाडतानाची झोप हेच तिचं ऐश्वर्य. तिच्या जोरावर दिवस निघायचा.

नेमका त्याच झोपेवर करिश्मा मॅडमचा डोळा गेला.

"पौर्णिमा, कमाल आहे तुझी," मॅडम पुण्याहून फोनवर म्हणाल्या. "महिनाभर बघतेय, उजाडल्या उजाडल्या तू ऑनलाइन असतेस. इथे सकाळची शिफ्ट घ्यायला कोणी तयार नाही. सोमवारपासून तुलाच देते."

"मॅडम, मी नसते हो त्या वेळी."

"मग कोण असतं? कंपनीचा लॅपटॉप दुसरं कोणी उघडतं का?" मॅडमचा आवाज बदलला.

दुसरं कोणी म्हटलं तर नोकरी जाणार, मीच म्हटलं तर झोप. "काहीतरी गडबड असेल, बघते," असं म्हणून तिने फोन ठेवला. प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत तपासला. त्यात काही चूक नव्हती. झाकण उघडल्याशिवाय तो जोडत नव्हता, म्हणजे झाकण कोणीतरी उघडत होतं.

दुसऱ्या दिवशी गोपाल गेल्यावर ती आडवी झाली नाही. डोळे चुरचुरत होते, तरी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. पुंजाजी आंघोळ करून आले. त्यांनी फडक्याने टेबल पुसलं, लॅपटॉप पुसला, झाकण उघडलं. टेबलाच्या कडेला हळदीकुंकवाचं बोट टेकवलं आणि उदबत्ती ओवाळली. टिंग वाजलं. पुंजाजींनी हात जोडले.

पौर्णिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मामाजी, काय करून राहिले तुमी?"

"दुकान उघडून राहिलो."

"रोज उघडता?"

"मंग? दिवस निघाला तरी दुकान बंद ठेवाव का? उघडलं का टिंग वाजते. झाली बोहनी, पयलं गिऱ्हाईक." मग ते जरा ओशाळले. "तू दमून झोपते पोरी. म्हटलं, तुले उघडाचा तरी तरास नको."

रागवायचं होतं ते राहूनच गेलं. उघडायचाच त्रास तर तिने दोन रविवार घालवून संपवला होता, आणि तोच त्रास हा म्हातारा माणूस पहाटे उठून उचलत होता. ती आत गेली आणि पलंगावर बसून राहिली. झोप काही लागली नाही.

मॅडमला तिने सांगितलं, आपोआप जोडण्यातच गडबड होती, काढून टाकलं. मॅडम कुरकुरल्या, पण सकाळची शिफ्ट टळली. स्क्रीनला पासवर्ड परत आला, आयटीवाल्यांनी मोबाइलचा आकडाही परत लावला. लाइन गेली की पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड, पुन्हा मोबाइलचा आकडा सुरू झालं. केलेली सगळी मेहनत पाण्यात गेली. एक मात्र तिने ठेवलं. झाकण उघडलं की टिंग वाजायचं. कशाशी काही न जोडता, नुसतंच.

आठवडाभर ती पलंगावर पडल्या पडल्या ते टिंग ऐकायची आणि पुन्हा झोपायची.

एका दुपारी लाइन गेली आणि ती कपाळाला हात लावून बसली असताना पुंजाजी स्टूल ओढून शेजारी बसले.

"पोरी, ते टिंग आता खोटं हाय ना? हिरवं कुलूप येत नाही."

तिने मान हलवली. लाज वाटली. म्हाताऱ्याला पोरासारखं फसवलं, असं वाटलं.

"तुही सासूबी असंच करे," पुंजाजी म्हणाले. "शेवटच्या सालात दुकानात चिटपाखरू येत नव्हतं. तं ते सकाळीच मागच्या दारानं निघून पुढून यायची. म्हणे, मालक, पावशेर खिळे द्या. मी तोलून द्यायचो. दोघंबी हसत नव्हतो."

पौर्णिमाने माळ्यावरच्या तेलाच्या डब्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

"मंग उद्यापासून उघडू नका मामाजी," ती कशीबशी म्हणाली.

"काहून? उघडतो ना मी," पुंजाजी म्हणाले. "तू झोप."

लाइन आली. तिने मोबाइल हातात घेतला आणि आकडा यायची वाट पाहत बसली.