स्लिपमधले काका

शहाऐंशी साली सांता क्लाराच्या एका पार्कात, बेसबॉलच्या मैदानावर मॅटिंग अंथरून आम्ही दर रविवारी क्रिकेट खेळायचो. कॅप्टन मी आणि ऑफस्पिन टाकणाराही मीच. त्या रविवारी समोर इंग्लंडमध्ये काउंटी खेळून आलेला एक साहेब बॅटिंग करत होता. माझा प्रत्येक बॉल तो गुडघा टेकून स्वीप करायचा आणि लेग साइडला फोर जायची, कारण तिथं माझा माणूसच नव्हता. तो माणूस, म्हणजे आमचे त्र्यंबककाका, नेहमीप्रमाणे कीपरशेजारी स्लिपमध्ये हाताची घडी घालून उभे!

आता वडलांच्या वयाच्या माणसाला 'तिकडे लांब जाऊन पळा' असं सांगणार कोण? कीपर अतुलला मी डोळ्यांनी खुणावलं, तर तो स्वतःचे ग्लोव्ह्ज निरखायला लागला. पुन्हा फोर गेली. माझं डोकंच फिरलं.

"काका, प्लीज! बाउंड्रीवर जा!"

सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. काकांचा चेहरा मात्र खुलला.

"अरे, मग आधी सांगायचंस की! चार सीझन इथं उभा राहून कंटाळलोय. तू एवढ्या मानानं उभं केलंस, नाही कसं म्हणणार?"

आणि ते चक्क पळत सुटले. साहेबानं ते पाहिलं, स्वीप सोडला आणि पुढचा बॉल ड्राइव्ह करायला गेला. बॅटची कड घेऊन बॉल कमरेएवढ्या उंचीवरून थेट रिकाम्या स्लिपमधून फोर गेला.

लांबून काका ओरडले, "अरे, स्लिपला कुणाला ठेवायचं नाही का?"