शेपटीचं नवं चाक

कप्तान काही खरा कप्तान नव्हता. जन्मभर त्याने लोकांच्या दातांच्या कवळ्या केल्या. पण घरामागच्या शेडमध्ये मेहुण्याबरोबर वर्षानुवर्षं खपून त्याने दोन माणसं बसतील एवढं विमान उभं केलं आणि ते चक्क उडालं, तेव्हापासून सगळी गल्ली त्याला कप्तान म्हणायला लागली. आधी चेष्टेने, मग सवयीने. आता तर त्यालाही दुसऱ्या नावाने हाक मारली तर मान वळवायला वेळ लागायचा.

तर असा हा कप्तान हल्ली घरात एका जागी म्हणून टेकत नव्हता. बसला की उठायचा, उठला की खिडकीशी जायचा, तिथून शेडपर्यंत आणि शेडपासून पुन्हा चहाच्या कपापर्यंत. "अहो, काय भिंगरी लागलीय का पायाला?" बायको म्हणायची. पायाचं नाव निघालं की तो उगाच वसकन अंगावर यायचा.

त्याला कारणही तसंच होतं. या जातीच्या विमानाला पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटीखाली एक चिमुकलं. जमिनीवर धावताना त्या चिमुकल्यावर सगळी मदार, आणि ते वळवायचं दोन पायांखालच्या दोन पेडलांनी. महिन्यापूर्वी उतरताना विमान उजवीकडे ओढ घ्यायला लागलं, डावा पाय वेळेवर दाबला गेला नाही, आणि विमान गर्रकन फिरून गवतात घुसलं. पंखाचं टोक खरचटलं तेवढंच, माणूस शाबूत. मेहुणा धापा टाकत आला, "काय झालं रे?" आणि याच्या तोंडून पटकन निघून गेलं, "शेपटीचं चाक अडकलं!"

झालं. सगळं खापर चाकावर फुटलं.

खरी गोष्ट अशी की रक्तातल्या साखरेने त्याचा डावा पाय बधिर होत चालला होता. डोळ्यांनी बघितलं की पाय सांगितल्यासारखा वागायचा. नजर हटली की तो पेडलवर आहे की पेडलच्या बाजूला, देव जाणे. आणि उतरताना खाली कोण बघत बसणार? हे एकदा कुणाला कळलं की उडणं संपलं, कायमचं. उडायच्या दाखल्यावर डॉक्टर सही करणार नाही, मेहुणा किल्ली देणार नाही. म्हणून कप्तान मूग गिळून गप्प बसला.

पण मेहुणा म्हणजे मेहुणा! लेथ मशीनवर आयुष्य काढलेला, बायकोचा मोठा भाऊ आणि कप्तानचा लहानपणापासूनचा मित्र. चाक अडकलं म्हटल्यावर त्याला चैन पडेना. आठवड्याभरात तो नवंकोरं चाक घेऊन हजर. जुन्याच्या दीडपट मोठं, हवा भरायचं. त्याला एक खिट्टी होती. थोड्या कोनापर्यंत चाक पेडलांच्या हुकमात राहणार, त्यापलीकडे ढकललं की खिट्टी सुटून मोकळं फिरणार.

"बघ काय माल आणलाय!" मेहुणा म्हणाला. "आता हे विमान रुळावरून चालल्यासारखं सरळ जाईल."

कप्तानने तोंडभर हसून दाखवलं. आत मात्र धाकधूक. जुनं चाक होतं तोवर बोट दाखवायला जागा होती. नवं बसल्यावर विमान पुन्हा फिरलं तर? मग उरतो कोण?

शेपटी घडवंचीवर चढवून दोघांनी जुनं चाक काढलं. मेहुण्याने ते बाकावर ठेवलं, बोटाने टिचकी मारली. चाक फिरतच राहिलं, आवाज नाही की अटकाव नाही.

"अरे, हे तर लोण्यासारखं फिरतंय."

"भार आला की अडकतं," कप्तान म्हणाला.

मेहुण्याने छातीचा भार देऊन फिरवलं. वर तेल, खाली तेल, कुठे ढिलेपणा नाही. त्याने एकदा कप्तानकडे बघितलं, मग चाकाकडे, आणि पाना उचलला. "असेल बाबा," एवढंच म्हणाला. त्या दोन शब्दांनी कप्तानचा दिवस नासला. याला कळलं की काय? कळलं असेल तर बोलत का नाही? आणि नसेल कळलं तर मघाशी तसं बघितलं का?

पुढचे दिवस कप्तानने मेहुण्याच्या नाकी नऊ आणले. पेडलांपासून चाकाला जोडलेल्या स्प्रिंगा कडक आहेत म्हणाला, त्या बदलल्या. साखळी लांब वाटते म्हणाला, तिची एक कडी काढली. चाक मोठं, शेपटी उंच झाली, आता पुढचं वेगळंच दिसेल म्हणाला. "दोन बोटं उंच झाली, जास्त दिसेल, रडतोस कशाला?" मेहुणा म्हणाला. मग चाकाचा खांब पुढे कलतोय, असं कलतं चाक पळताना थडथडतं, असं कप्तानने काढलं. ते मात्र खरं होतं. मेहुण्याने निमूटपणे चाक धरणाऱ्या पोलादी पाट्याखाली पाचर सरकवून खांब मागे झुकवला. आता आणखी काय काढावं ते कप्तानला सुचेना.

मेहुणा जेवायला गेला की तो विमानात चढून बसायचा. डोळे मिटायचा, डावा पेडल दाबायचा आणि डोळे उघडून बघायचा. कधी पाय पेडलवर असायचा. कधी नसायचा. घाम पुसून तो पुन्हा डोळे मिटायचा. असं किती वेळ चालायचं त्यालाच ठाऊक.

शेवटी सुट्टीच्या दिवशी सकाळी विमान गावाबाहेरच्या गवताच्या धावपट्टीवर आणलं. वारा पडलेला, आभाळ स्वच्छ. सबब सांगायला काही म्हणता काही नाही. आणि तेवढ्यात बायको बूट घालून, केस घट्ट बांधून पुढे आली.

"मी बसणार आहे."

दोघेही पुरुष बघतच राहिले. विमान उडायला लागल्यापासून या बाईने त्यात पाऊल ठेवलं नव्हतं. तुमचं यंत्र तुम्हाला लखलाभ, म्हणायची.

"आज नको," कप्तान म्हणाला. "नवं चाक आहे. आधी मी एकटा..."

"नवं चाक आहे म्हणूनच तर बसतेय. दोष त्या जुन्यात होता ना? मग आता भीती कसली?" ती चढली, बसली आणि भावाकडून पट्टा आवळून घेतला.

इंजिन सुरू झालं. कप्तानने विमान हळूहळू पट्टीच्या टोकाकडे नेलं, एक डोळा समोर आणि एक पायावर. चाक काय सुरेख चालत होतं! जरासा इशारा केला की शेपटी वळत होती. टोकाला त्याने तोंड फिरवून घेतलं. समोर मोकळं गवत पसरलेलं. मनात आलं, एवढं चांगलं चाक आहे, सांभाळून घेईल की. वर्ष निघेल. दोनही निघतील. कुणाला काय कळतंय?

त्याने बाजूला बघितलं. बायको समोर बघत होती. दोन्ही हात मांडीवर, बोटं एकमेकांत रुतलेली. ओठ पांढरे पडले होते. तिला मरणाची भीती वाटत होती आणि तरी ती "थांबा" म्हणत नव्हती.

वेग वाढवायच्या दांड्यावर त्याचा हात होता. तो हात पुढे जाईना.

"का बसलीस तू?" त्याने इंजिनच्या आवाजावर ओरडून विचारलं.

"परवा चहाचा कप कलंडला," ती तशीच समोर बघत ओरडली. "कढत चहा तुमच्या डाव्या पायावर. तुम्ही म्हणालात, फडकं आण. आणि वाचत बसलात!"

कप्तानने खाली डाव्या पायाकडे बघितलं.

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलून तुम्ही ऐकलं असतं? भांडला असता, आणि दुसऱ्या दिवशी एकटे येऊन उडाला असता. म्हटलं, बघू तरी. मला घेऊन उडतात का."

"आणि उडालो असतो तर?"

आता तिने त्याच्याकडे बघितलं. डोळे काठोकाठ भरलेले. "तर गेले असते तुमच्याबरोबर."

कप्तानने स्विच बंद केला. पंखा दोन झटके देऊन थांबला आणि एकदम सगळीकडे इतकी शांतता झाली की पट्टीवरून पळत येणाऱ्या मेहुण्याचे बूट ऐकू यायला लागले. धापा टाकत तो दाराशी पोचला. चेहरा घाबराघुबरा. एकदा बहिणीकडे, एकदा कप्तानकडे बघत, जणू आपणच उत्तर हातात देतोय अशा घाईने त्याने विचारलं, "काय झालं रे? चाक का? चाक अडकलं ना?"

"चाक झकास आहे," कप्तान म्हणाला. "जुनंही झकास होतं. पाय गेलाय माझा."

मेहुण्याने खाली बघत कपाळावरचा घाम पुसला. "अरे, मग चाक बदलताना तरी सांगायचंस."

"तुला माहीत होतं. तू तरी कुठे बोललास?"

"तू उडायचं थांबशील म्हणून नाही बोललो," मेहुणा म्हणाला, आणि बहिणीच्या नजरेला नजर न देता तो शेपटी उचलायला मागे गेला.