सदतिसाचे पस्तीस सांगणारी टेप

मित्रांनो, अंगावर दीडशे आकडे वाहून आता खोक्याच्या तळाशी विसावलेली मी एक जुनी मापाची टेप आहे. माझा देह कापडाचा, वर पिवळ्या रोगणाचा लेप. आरंभीची काही वर्षे मी सोडो गावच्या बाजारातील एका शिंप्याच्या गळ्यात काढली. त्याच्या पश्चात त्याच्या पत्नीने मला आरोग्य केंद्रातील परिचारिका सिस्टर वोर्किनेश यांच्या स्वाधीन केले. तेव्हापासून सदऱ्यांची मापे सुटली आणि माणसांचे सुजलेले पाय माझ्या वाट्याला आले.

आमच्या वोलाइता प्रांताच्या तांबड्या मातीत अनवाणी राबणाऱ्यांचे पाय सुजतात. लोक मात्र त्यास रक्ताचा दोष समजतात आणि अशा घराशी सोयरीक टाळतात. आले पिकवणारा आंजुलो याच दुःखाने ग्रासलेला होता. त्याची मुलगी तादेलेच हिला मागणी आली होती. परंतु मुलाचे आजोबा लालिसो यांनी निरोप धाडला होता की, बापाची सूज उतरली तरच तो रक्ताचा रोग नव्हे असे मानू.

पहिल्या दिवशी सिस्टरांनी मला लगेच हाती घेतले नाही. प्रथम त्यांनी आंजुलोच्या मानेच्या शिरा न्याहाळल्या, छातीवर नळी ठेवून ठोके ऐकले, पावलावरची नाडी बोटांनी शोधली आणि जांघेतील गाठी चाचपल्या.

"आडवं झाल्यावर धाप लागते का, आंजुलोदादा?"

"आडवं होतोच कधी, सिस्टर? बायको होऊ देते तर ना!"

सिस्टर हसल्या. "हृदय ठणठणीत आहे तुझं. हृदयाची सूज दोन्ही पायांना सारखी येते. तुझा डावा जास्त आहे, आणि तो तळव्यापासून वर सुजत गेलाय. मातीनं लसिकेच्या, म्हणजे अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या, बारीक वाहिन्या बुजल्यात. रोज साबणानं पाय धू, बूट घाल, रात्री पायांखाली उशी घे."

मग मी त्याच्या पोटरीभोवती वेढा घातला. सदतीस सेंटिमीटर.

मित्रांनो, सिस्टरांनी माझी निगा राखण्यात कधीच कसूर केली नाही. एका रुग्णाची व्याधी दुसऱ्यास जडू नये म्हणून प्रत्येक मापानंतर त्या मला औषधी पाण्यात बुडवीत, घट्ट पिळीत आणि उन्हात टांगीत. त्या पिळण्यानेच माझे सूत सैल पडत गेले. माझे आरंभीचे आकडे एकमेकांपासून दूर सरले आणि मला त्याचा मागमूसही लागला नाही. पुढे आंजुलोचे माप छत्तीस भरले, नंतर पस्तीस. सिस्टर माझी वाखाणणी करीत. मी मनोमन फुगून जाई.

आंजुलोही हरखला. झऱ्यावरून पाणी वाहणे त्याने कमी केले. "आकडा आपला आपण उतरतोय, मग पाण्याला कशाला दमवू?" असे तो म्हणे.

गिफाताच्या, म्हणजे आमच्या नववर्षाच्या, सणाआधी त्याने मोठ्या दिमाखात लालिसोंना केंद्रात आणले. "आजोबा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

मी पस्तीसच सांगितले. परंतु सिस्टरांची नजर बुटाकडे गेली. सूज उतरली असती तर नाड्या आवळाव्या लागल्या असत्या; त्या अजून पहिल्या दिवसाइतक्याच सैल बांधलेल्या होत्या. त्यांनी अंगठ्याने नडगी दाबून धरली. खळगा पडला आणि भरून येईना. तेव्हा त्यांनी बाळांची लांबी मोजण्याची लाकडी फळी आणून मला तिच्यावर सरळ अंथरले. माझा पस्तीस फळीच्या सदतिसावर जाऊन टेकला.

पाय तसूभरही उतरला नव्हता.

त्या क्षणी सिस्टरांनी मौन बाळगले असते तर सोयरीक जुळली असती. हे त्यांना कळत होते, आणि मलाही.

"लालिसोआजोबा, चूक माझी आहे. टेप ताणलीय. पाय होता तेवढाच आहे."

लालिसोंनी काठी सावरली. "म्हणजे रक्तातच आहे तर!"

"रक्तात नाही, मातीत आहे. यानं धुणं सोडलं, कारण मी चुकीचा आकडा दिला."

वृद्धांनी पुढे होऊन फळीवरचा आकडा स्वतः बोटाने तपासला. "खोटं रेटता आलं असतं तुला, पोरी. ठीक आहे. पुढच्या गिफातापर्यंत थांबतो. पण माप याच फळीवर." एवढे बोलून ते निघून गेले. तादेलेचला आणखी एक वर्ष वाट पाहणे आले.

आंजुलो मान खाली घालून बसला होता. तो म्हणाला, "तुमची टेप, सिस्टर, सासूपुढच्या नव्या सुनेसारखी! वर्षभर माझं मन राखत बसली." सिस्टरांना हसू आले नाही. मग त्याने स्वतःच बादली ओढली आणि पाय पाण्यात सोडला. "दोरा आणा. दोऱ्यानं मोजा, फळीला लावा, आणि खरं काय ते लिहा."

मित्रांनो, मला धुणारे हात प्रेमळ होते. परंतु मी खरी आहे की नाही, हे कोणी ताडून पाहिले नाही. आपल्या घरी, शाळेत, दवाखान्यात जे जे मोजण्यास ठेविले आहे, ते स्वच्छ राखा, तसेच वरचेवर खऱ्या मापाशी लावून पाहा. आकडा आणि अंगठा यांचे न जुळल्यास अंगठ्याचेही ऐका. आणि माझी एक अखेरची विनवणी आहे. मला आठवण म्हणून जपू नका. मधोमध कापून टाका. अन्यथा उद्या एखादा भला हात मला खोक्यातून उचलील, कुणाच्या तरी दुखऱ्या पायाभोवती गुंडाळील, आणि मी पुन्हा त्याला गोड बातमी देईन.