माझ्यावर लिहिलेला ‘कोट्याचा तास’

मित्रांनो, मी विद्यापीठातल्या गणित विभागाचा जुना फळा. सुताराने जाड लाकूड जोडून मला घडवलं आणि असं ठोकलं, की मला काढायचं तर भिंतच उतरवावी लागेल. शेजारच्या वर्गात नवा पांढरा फळा आला, तरी मी जागचा हललेलो नाही.

कितीतरी प्राध्यापकांचा खडू मी अंगावर झेलला. वाहवा त्यांची झाली, धूळ माझ्या वाट्याला आली. पण माणसं बदलली तरी सगळे एकाच मुशीतले असत, हे मला खुपायचं.

मग राखीव जागेवर एक तरुण प्राध्यापिका आली. घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. विभागप्रमुखांनी तिच्या नेमणुकीला उघड विरोध केला होता. त्यांच्या हुशार विद्यार्थ्याला त्या जागेसाठी अर्जही करता आला नव्हता, हे शल्य त्यांना होतं.

पहिल्याच आठवड्यात कोणीतरी माझ्या वरच्या भागात ठळक लिहिलं: ‘कोट्याचा तास’. शिपाई डस्टर घेऊन धावला.

“राहू द्या, काका,” ती म्हणाली. “ज्याने लिहिलंय, तोच पुसेल.”

ती रोज त्या अक्षरांखाली शिकवू लागली. मला शरम वाटे, पण तिची मान ताठ होती. मग मीही ताठ राहिलो.

एकदा प्रमुख आत आले. “माझा विरोध कायम आहे, मॅडम. पण ही घाण माझ्या वर्गात नको.”

“विरोध खुशाल करा, सर. पण ऐकल्याशिवाय माझी गुणवत्ता ठरवू नका. मागे जागा आहे, बसा ना.”

सर बसले. तास रंगात आला असताना त्यांनी एक अवघड शंका काढली. तिने खडू उचलला आणि ती लिहीत सुटली. खालची जागा भरली, बाजूची भरली. खडू त्या अक्षरांपाशी अडला.

“अजून दोन ओळी आहेत,” ती म्हणाली. “माझं काही पुसलं, तर धागा तुटेल.”

मग मधल्या बाकावरून एक चष्मेवाला विद्यार्थी उठला. त्याचे कान लाल झाले होते. त्याने ती अक्षरं स्वतःच्या हाताने पुसली. तिने त्याचं नाव विचारलं नाही, उरलेल्या ओळी लिहिल्या.

सरांचं मत काही बदललं नाही. जाताना ते एवढंच म्हणाले, “शेवटची ओळ उद्या पुन्हा सांगा. मलाही नीट कळली नाही.”

मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसा, माझा रंग जपा. पण माझ्यासमोर उभ्या राहणाऱ्याला आधी ऐका. तरीही काही वाईट लिहावंसं वाटलं, तर खाली आपलं नाव लिहायची हिंमत ठेवा.