सुईचा पाव फेरा

जुन्या मोटरबोटींच्या शर्यतीत दादाचा कान म्हणजे शेवटचा शब्द. बोटीच्या मागच्या फळीला लटकवलेली मोटर घोंघावू लागली की तो डोळे मिटायचा आणि कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल कमी-जास्त करणारी, सुई किती फिरवायची ते सांगायचा. पण वीस वर्षं सायलेन्सर नसलेल्या मोटरींपाशी उभं राहून त्याच कानांची वाट लागली. वरचा सूर आता त्याला ऐकूच येत नसे. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आणि त्यात धाकट्या भावाची ही बायको! लग्न होऊन आली तेव्हा पाना कसा धरायचा तेही दादानेच शिकवलेलं. आता ती मोटर फुल पळवून एकदम बंद करी, स्पार्क प्लग काढी आणि नुसत्या रंगावरून निदान सांगे. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी, कॉफीसारखा म्हणजे झकास. हल्ली धक्क्यावरची मंडळी दादाला नमस्कार करून थेट तिच्याकडे जात. दादाच्या अंगाचा तिळपापड होई.

शर्यतीच्या सकाळी तिने प्लग त्याच्यापुढे धरला.

"भाऊजी, पांढराफटक आहे. मोटर तापून पिस्टन जाईल. सुई पाव फेरा उघडते."

"मला आवाज ठीक वाटतोय."

"असू दे, तरी उघडते," म्हणून तिने उघडलीच.

मोटर वडिलांची, साठ वर्षांची. असला पिस्टन आता शोधूनही मिळत नाही, हे दादाला काय ठाऊक नव्हतं? तरी ती धाकट्याचं लाइफ जॅकेट आणायला वळली आणि त्याने सुई होती तिथे परत नेली.

धाकटा बोट घेऊन निघाला. पहिल्या दोन फेऱ्या अशा मारल्या की दादाची छाती फुगली. बघा म्हणावं, कान तो कान! तिसऱ्या फेरीत सगळ्यांनी एकदम कानांवर हात नेले. दादाला काहीच ऐकू आलं नाही. बोट थांबलेली तेवढी दिसली.

ओढून आणल्यावर धाकट्याने मोटरची दोरी खेचून पाहिली. हलेल तर शपथ. तो रडवेला झाला.

"बाबांची मोटर! सुईला कुणी हात लावला?"

भावजयीने सुईकडे पाहिलं, मग दादाकडे. तिला सगळं कळलं.

"मी," ती म्हणाली. "माझा अंदाज चुकला."

धाकटा चारचौघांत बायकोला नाही नाही ते बोलला. ती मान खाली घालून उभी राहिली. दादा सुटला होता, पण आतून नुसता जळत होता. मोटर जाळली त्याने, आणि मोठेपणा मात्र हिने मिरवायचा? जन्मभर हिच्या उपकाराखाली राहायचं?

"खोटं बोलतेय ती!" तो ओरडला. "मी फिरवली सुई. मला ऐकू येत नाही!"

धाकटा दादाकडे वळला. भावजय मात्र वळसा घालून दादाच्या उजव्या बाजूला आली आणि म्हणाली, "चला भाऊजी, मोटर उतरवू."

उजवा कान त्यातल्या त्यात बरा होता. हे तिला कधीपासून ठाऊक होतं कोण जाणे. दादाला तिचा आणखीच राग आला.